वितंडवाद घालू नकोस, म्हणजे नेमकं काय घालू नकोस?

आम्ही चार मित्र दर रविवारी सकाळी चहाला भेटतो आणि काहीतरी जुनं वाचतो. कोणी पंडित नाही आमच्यात, एकाला संस्कृत शाळेपुरतं येतं, बाकीचे अर्थाच्या पुस्तकावर. सध्या गीतेचा दहावा अध्याय चालू आहे. बत्तिसाव्या श्लोकात कृष्ण म्हणतो "अध्यात्मविद्या विद्यानां वादः प्रवदतामहम्". म्हणजे बोलणाऱ्यांमधला वाद मी आहे. यावर आमच्यातला एक जण (जो कायम उलटंच बोलतो, स्वतःचं मत विचारलं की चहा मागवतो) म्हणाला, मग घरोघरी भाऊबंदकीत जे चालतं तो पण देवच का? दुसरा वैतागून म्हणाला, "तू उगाच वितंडवाद घालू नकोस." झालं, पहिल्याला ते इतकं लागलं की पुढचा अर्धा तास कोणी नीट बोललंच नाही.

घरी आल्यावर शंकराचार्यांचं भाष्य उघडलं तर तिथे वेगळीच गंमत. ते म्हणतात इथे बोलण्याचे तीन प्रकार धरायचे, वाद, जल्प आणि वितंडा, आणि त्यात वाद श्रेष्ठ कारण त्याने अर्थाचा निर्णय होतो. हे तिन्ही शब्द गौतमाच्या न्यायसूत्रातले, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथातले. वाद म्हणजे दोन बाजू, प्रमाण आणि तर्क वापरून, खरं काय ते शोधायला. जल्प म्हणजे जिंकायला, त्यात छल वगैरे युक्त्या चालतात. आणि वितंडा म्हणजे असा जल्प ज्यात समोरच्याचं खोडायचं पण स्वतःची बाजू मांडायचीच नाही.

मग माझा प्रश्न असा की वाद वेगळा आणि वितंडा वेगळी, तर "वितंडवाद" हा शब्द झालाच कसा, गोड कारलं म्हटल्यासारखं नाही का हे? आणि मराठीत वाद म्हणजे सरळ भांडणच कधीपासून झालं?

———

मस्त प्रश्न. आधी एक भर. या तिघांना मिळून एक नाव आहे, ते म्हणजे कथा! न्यायसूत्रावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात सरळ आहे की कथा तीन, वाद जल्प वितंडा. आपल्याकडे कथा म्हटलं की गोष्ट नाहीतर सत्यनारायण. तेव्हा शास्त्राप्रमाणे तुमच्या मित्राने "वितंडकथा" केली असं म्हणायला पाहिजे, पण ते कोणालाच कळणार नाही आणि प्रसाद कधी आहे असं विचारतील.

भांडण कधीपासून याचं उत्तर तारखेत देता येणार नाही, पण रामदासांच्या वेळेपर्यंत झालेलंच होतं. मनाच्या श्लोकात "तुटे वाद संवाद तो हीतकारी" असं पालुपद आहे. लहानपणी मी ते "वाद आणि संवाद दोन्ही तुटतात" असं समजायचो, अर्थ आहे ज्याने वाद तुटतो तो संवाद हितकारी. म्हणजे सतराव्या शतकात वाद हा तोडून टाकायची गोष्ट. आणि ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणपतीचं रूपक आहे त्यात तर्क म्हणजे परशू आणि "संवादु तोचि दशनु, जो समता शुभ्रवर्णु", संवाद हा दात, समता हा त्याचा पांढरा रंग. मला ही जागा फार आवडते, चांगल्या बोलण्याला आपल्या भाषेने वाद सोडून संवाद शब्द उचलला तो इतका जुना आहे.

———

क्रियापदाकडे बघा की राव. वाद घालतो, हुज्जत घालतो, वितंडवाद घालतो, गोंधळ घालतो. संवाद मात्र साधतो. घालायच्या गोष्टी सगळ्या समोरच्याच्या अंगावर.

हुज्जतीचं पण हेच झालंय. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण. मराठीत आली आणि रिक्षावाल्याशी घालायची वस्तू झाली. तकरार म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा करणं, मदरशात विद्यार्थी मिळून धडा घोकतात त्याला अजून तकरार म्हणतात, आणि आपण तक्रार नोंदवतो. म्हणजे शब्द संस्कृतातून येवो की अरबीतून, अभ्यासाच्या खोलीतून निघाला की आपल्या अंगणात येऊन भांडायलाच लागतो, हे एकट्या वादाचं दुखणं नाहीये.

———

कोर्टात मात्र वादी प्रतिवादी अजून शाबूत आहेत, दावा लावणारा तो वादी. आणि मार्क्सवाद, अद्वैतवाद यातला वाद वेगळा, तिथे मत किंवा सिद्धांत. एकाच शब्दाचे तीन संसार.

बाकी छल बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. न्यायशास्त्रात छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणं. नेहमीचं उदाहरण नवकंबल. कोणी म्हणालं हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवीन घोंगडी आहे, तर समोरचा म्हणतो नऊ कुठायत, एकच तर दिसतेय. (नवरात्र म्हणजे नवीन रात्र का असं विचारणाऱ्या माझ्या पुतण्याला मी आता नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित, म्हणतो.) आणि हाच छल मराठीत छळ झाला. आमच्या ऑफिसच्या मिटिंगा बघता दोन्ही अर्थ एकच आहेत असं माझं मत.

———

मी वितंडेच्या बाजूने दोन शब्द बोलणार, कारण इथे सगळे तिला शिवीच समजून चाललेत. स्वतःची बाजू न मांडणं हा आळशीपणा किंवा लबाडी असेलच असं नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची विग्रहव्यावर्तनी घ्या, तिथे तो चक्क म्हणतो "नास्ति च मम प्रतिज्ञा", माझी प्रतिज्ञाच (सिद्ध करायचं विधानच) नाही म्हणून माझ्यात दोषही नाही. श्रीहर्षाचं खंडनखंडखाद्य, बाराव्या शतकातलं, सगळा ग्रंथ दुसऱ्यांच्या व्याख्या मोडण्यात घातलाय. ही माणसं चहा मागवून विषय टाळणारी नव्हती. त्यांचं म्हणणं असं की तुझंच माप घेऊन तुझं कापड मोजून दाखवतो, माझं कापड विचारू नकोस.

म्हणून "वितंडवाद" ला मराठीत जो उगाचपणाचा वास लागलाय तो मला अन्याय वाटतो. तुमच्या मित्राचा प्रश्न वाईट नव्हताच, देव भांडण आहे का या प्रश्नामुळेच तुम्ही भाष्य उघडलंत ना?

———

हे पटलं, थोडं लागलं पण. (मूळ प्रश्न माझाच.) पण नागार्जुन समोरच्याचं पूर्ण ऐकून, त्याच्या शब्दात मांडून मग मोडतो. आमचा हा वाक्य संपायच्या आत मोडतो.

तरी काल न्यायसूत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी गेलो तेव्हा एक उपमा सापडली. जल्प आणि वितंडा कशासाठी, तर बी रुजून कोंब वर येताना त्याच्याभोवती काटेरी फांद्या लावतात तसं, कळलेल्या गोष्टीचं रक्षण करायला. आणि त्याच्या जरा आधी हे पण आहे की चर्चा कोणाशी करावी, तर शिष्य, गुरू, बरोबर शिकणारे, आणि अट काय, तर असूया नसणारे. रविवारच्या चहाला सूत्रात जागा आहे म्हणजे!

———

काटेरी फांद्यांना आमच्याकडे कुपाटी म्हणतात. बाभळीच्या नाहीतर बोरीच्या फांद्या तोडून वाफ्याभोवती रचतात, शेरडं आत घुसू नयेत म्हणून. पण कुपाटी रोपाच्या बाहेर लावायची असते, तुमच्या मित्राने ती चहाच्या टेबलावर लावली हा घोळ आहे. शेरडू कोण होतं तिथे?

———

आयुर्वेदात चरकाने आपल्या संहितेच्या विमानस्थान या भागात हीच विभागणी वैद्यांसाठी केलीय, संधाय संभाषा म्हणजे मिळून बोलणं आणि विगृह्य संभाषा म्हणजे भिडून बोलणं. भिडायचं असेल तर काय करावं हे वाचून मी हसलोच, ज्याचं वाचन कमी त्याला लांबलचक सूत्रं म्हणून दाबावं, जो रागीट त्याला चिडवून दमवावं, भित्र्याला घाबरवावं. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या चर्चा कुठून शिकल्या ते कळलं.

न्यायशास्त्रात हरण्याच्या जागा, निग्रहस्थानं, बावीस आहेत. त्यातली दोन आपल्या रोजच्या ओळखीची. मतानुज्ञा म्हणजे स्वतःच्या बाजूचा दोष दूर न करता "मग तुमच्यात पण आहेच की" म्हणणं. आणि विक्षेप म्हणजे अडचणीत आल्यावर काम निघालं असं सांगून उठून जाणं. "थांब रे फोन येतोय" ला इतकं जुनं नाव असेल असं वाटलं नव्हतं.

———

मग मित्रांमध्ये जे चालतं त्याला मराठीत म्हणायचं काय? ऊहापोह चांगला आहे, सुचलेलं मांडायचं आणि न टिकणारं काढून टाकायचं, पण तो बोलण्यात येत नाही, अग्रलेखात येतो. बाकी आपल्याकडे शब्द बघा, काथ्याकूट, शब्दाचा कीस, चर्चेचं गुऱ्हाळ, खल करणे. सगळीकडे काहीतरी कुटतंय किंवा पिळतंय. काथ्याकुटात हाताला फोड येतात, गुऱ्हाळात निदान शेवटी गूळ तरी मिळतो. खल मात्र मला आवडतो, औषध खलतात तसं हळूहळू. (खलबत वेगळं बरं का, ते अरबी खल्वतवरून, एकांतातली मसलत.) आमच्या घरी आजी म्हणायची "किती वेळ खल चाललाय रे तुमचा", त्यात राग नसायचा.

———

खल घेतला. या रविवारी सांगून टाकतो की इथे खल होईल. त्या मित्राला ही सगळी चर्चा काल पाठवली होती, त्याचं उत्तर आलं, "खल म्हणजे दुष्ट पण होतं, जे खळांची व्यंकटी सांडो, तेव्हा नेमकं काय म्हणायचंय तुला?"

हा छल आहे की वितंडा ते तुम्हीच ठरवा, मला तर नवकंबलच वाटतंय. झळकीकरांचा न्यायकोश (न्यायातल्या शब्दांचा कोश), भांडारकर संस्थेची १९२८ ची आवृत्ती, त्याच्याचकडे आहे, आता ती घेऊनच ये म्हटलंय.