पूर्ण पैसे भरले तरी गेम आपला नाही? डिस्क घेऊ की डिजिटल?

कट्ट्यावरचा_गेमर:
मंडळी, सेलमध्ये दोन-तीन गेम कार्टात टाकले आणि पेमेंट करताना खाली बारीक अक्षरात दिसलं की तुम्हाला फक्त लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, मिळतंय. म्हणजे पैसे पूर्ण घ्यायचे आणि उद्या कंपनीच्या मनात आलं की गेम गायब? सोनीचा पीएस५ कन्सोल घ्यायचाय, डिस्कवाला डिजिटलपेक्षा (फक्त डाउनलोडवाल्यापेक्षा) महाग पडतोय, पण डिस्क असली की गेम आपला राहतो ना?

जुना_जॉयस्टिक:
लायसन्सच असतं रे पहिल्यापासून, करारात लिहिलेलं असतं पण तो वाचतं कोण. आता डोळ्यासमोर यायला लागलं कारण कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला, की 'खरेदी करा' असं बटण ठेवायचं असेल तर हे लायसन्स आहे ते स्पष्ट सांगा. १ जानेवारी २०२५ पासून लागू. फाइल उतरवून कायमची ऑफलाइन वापरता येत असेल तर त्यातून सूट आहे, जीओजी ही गेम विकणारी साइट तसा इन्स्टॉलर देते, हार्डडिस्कवर टाकून ठेवायचा, विषय संपला.

डिस्कचं म्हणशील तर युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' बघ. २०१४ चा रेसिंग गेम, अख्खी अमेरिका लहान करून नकाशात बसवलेली, डिस्कवर पण यायचा. पण एकट्याने गाडी फिरवायची म्हटली तरी कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्क उरली चहाचा कप ठेवायला. वर पीसीवाल्यांची लायसन्सं पण काढून घेतली, हे म्हणजे कहरच.

कोडवाला_दादा:
सर्व्हर फुकट चालत नाहीत भावा. दहा वर्षं जुन्या गेमसाठी कंपनीने जन्मभर खर्च करायचा का?

म्युनिककर:
जन्मभर चालवा असं कोणी म्हणतच नाहीये दादा. रॉस स्कॉट या यूट्यूबरने २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली, त्यात मागणी एवढीच की बंद करताना गेम चालता ठेवून जा, ऑफलाइन चालवणारा पॅच (छोटा अपडेट) द्या नाहीतर लोकांना स्वतःचा सर्व्हर टाकता येईल असं काहीतरी करा. युरोपियन युनियनने याची दखल घ्यावी म्हणून तिथल्या नागरिकांच्या १० लाख सह्या लागत होत्या, जुलै २०२५ मध्ये मुदत संपली तेव्हा १४ लाखांच्या वर गेल्या. मी टॅक्स इथे भरतो पण पासपोर्ट भारतीय, त्यामुळे मला काही सही करता आली नाही 😅 आणि जमत नाही म्हणावं तर त्याच युबिसॉफ्टने नंतर 'द क्रू २' ला ऑफलाइन मोड दिलाच की. पहिल्या भागाचा सर्व्हर तर फॅन लोकांनी स्वतःच उभा केला २०२५ मध्ये.

जुना_जॉयस्टिक:
+१. आणि प्रश्न एका गेमचा नाहीये. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं होतं, अमेरिकेत आलेल्या २०१० च्या आधीच्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. लायब्रऱ्यांनी असे गेम अभ्यासकांना घरबसल्या बघू द्यायची परवानगी मागितली, तर तिथल्या कॉपीराइट ऑफिसने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाही म्हटलं. मग लोक पायरेटेड शोधतात आणि वर त्यांनाच चोर म्हणायचं.

कट्ट्यावरचा_गेमर:
ते सगळं पटलं पण मी घेऊ काय ते सांगा ना राव 🙏

म्युनिककर:
स्टोरीवाले सिंगल प्लेअर खेळणार असशील तर डिस्कवाला घे, खेळून झालं की विकता तरी येते. कव्हरवर इंटरनेट लागेल असं लिहिलंय का तेवढं बघ. बजेट नसेल तर स्लिम डिजिटल घे, त्याला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो. फक्त पहिल्यांदा जोडताना तो पण इंटरनेट मागतो 🤦