ख्रिश्चनांच्या उपवासकाळात (लेंट, ईस्टरच्या आधीचे आठवडे) जुन्या गोव्याचं चर्च बघायचंय

प्रश्न: मार्चमध्ये बॉम जेझूस बॅसिलिकाला जातोय. संतांच्या मूर्तींची मिरवणूक तिथूनच निघते ना?

उत्तर: नाही हो, नावामुळे हमखास घोटाळा होतो! मिरवणूक निघते गोवा वेल्ह्याच्या (पोर्तुगीजमध्ये 'वेल्हा' म्हणजेही 'जुना') सेंट अँड्र्यू चर्चमधून, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या सोमवारी. गोवा वेल्हा पणजी-मडगाव रस्त्यावर आहे, जुनं गोवं पणजीच्या पूर्वेला. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा आधी कॅलेंडर बघा.

उत्तर: बॅसिलिकात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फिरू नका. प्रसादाची पांढरी चकती फक्त कॅथलिकांसाठी असते, रांगेत जाऊ नका. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारपासून काही चर्चमध्ये मूर्तींवर जांभळं कापड चढतं, कोरीवकाम बघायचं असेल तर त्याआधीच जा. गुड फ्रायडेला मिस्सा नसते.