लांब पल्ल्याच्या पायी प्रवासासाठी एकट्यापुरता हलका तंबू: निवडीबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

येत्या मोसमात सुमारे 1,100 किलोमीटरची डोंगरवाट एकटीने सलग चालायचे मी ठरवले आहे. त्यात 50 ते 55 रात्री तंबूत काढाव्या लागतील. वाटेचा बराचसा भाग जंगलातून आणि नदीकाठाने जातो, पण साधारण एक तृतीयांश अंतर झाडी संपल्यानंतरच्या उघड्या डोंगरसोंडांवरून आहे. तिथे वारा अडवायला काहीही नाही आणि पाऊस कोणत्याही दिवशी येऊ शकतो. माझा सध्याचा तंबू दोघांचा असून काठ्या, खुंट्या आणि पिशव्या धरून तो 2.3 किलो भरतो. चार-पाच दिवसांच्या भटकंतीत मी तो आनंदाने वाहिला आहे. परंतु रोज 22 ते 25 किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच चालायचे असले की उतारावर गुडघे बोलू लागतात. म्हणून सगळ्या साहित्यासह एक किलोच्या आत बसणारा तंबू हवा आहे.

वजनाबद्दल आधीच स्पष्ट करते, कारण जाहिरातीत छापलेल्या आकड्यांनी माझा सुरुवातीला बराच गोंधळ झाला होता. अनेकदा तो आकडा फक्त कापडाचा आणि काठ्यांचा असतो. त्यात आठ चांगल्या खुंट्या मिळवल्या की शंभरेक ग्रॅम वाढतात, आणि ताणदोऱ्या, पिशवी व खाली अंथरायचे पातळ कापड यांचे वजन वेगळेच. माझी एक किलोची मर्यादा हे सगळे धरून आहे.

आता मुख्य अडचण, म्हणजे तंबू एकपदरी (एकाच कापडाचा) घ्यावा की दुपदरी (आत जाळी आणि तिच्यावर वेगळे कापड असलेला). गेल्या वर्षी मी एका मैत्रिणीचा एकपदरी तंबू दोन रात्रींसाठी नेला होता. पहिली रात्र झाडाखाली अगदी छान गेली. दुसऱ्या रात्री नदीच्या अगदी काठाला, गवतावर मुक्काम केला. आकाश निरभ्र होते, वारा पूर्ण पडलेला होता आणि थंडी वाजते म्हणून मी दार लावून घेतले. पहाटे जाग आली तेव्हा छताला आतून घाम सुटला होता, आणि झोपेत पाय जिथे कापडाला टेकले होते तिथे स्लीपिंग बॅग ओलीचिंब झाली होती. पिसांची बॅग ओली झाली की तिची ऊब जाते. एखाद्या रात्री हे निभावते, पण सलग तीन-चार रात्री असे झाले आणि दिवसा ऊन मिळाले नाही तर ती बॅग वाळवणार कुठे, ही माझी खरी काळजी आहे.

असे का झाले हे मला समजले आहे. श्वासातून आणि अंगातून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. निरभ्र रात्री तंबूचे कापड उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि त्या गार कापडावर ती वाफ पाणी होऊन बसते. झाडाखाली फांद्यांमुळे ही उष्णता तितकी निसटत नाही, म्हणून पहिली रात्र कोरडी गेली असावी. दुपदरी तंबूतही बाहेरच्या कापडाला आतून पाणी सुटतेच. फरक इतकाच की मध्ये जाळी असल्यामुळे अंग आणि बॅग त्या ओल्या कापडाला थेट लागत नाही. म्हणजे जागा नीट निवडली, दार थोडे उघडे ठेवले आणि सकाळी छोट्या फडक्याने छत पुसले, तर एकपदरी तंबू चालायला हरकत नसावी. परंतु दिवसभर चालून थकल्यावर, पाऊस सुरू असताना, जागा निवडण्याची मुभा दर वेळी मिळतेच का, हे मला अनुभवी लोकांकडून ऐकायचे आहे.

दुसरा प्रश्न कापडाचा. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन मजबूत असते, पण नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाले की ताण सोडते, त्यामुळे पावसात मध्यरात्री उठून दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर फारच कमी पाणी शोषते, जवळपास ढिले पडत नाही आणि उन्हातही अधिक टिकते, मात्र तितक्याच वजनाच्या नायलॉनपेक्षा ते लवकर फाटते. तिसरा पर्याय डायनीमा कॉम्पोझिट फॅब्रिकचा. हे विणलेले कापड नसून पॉलिएस्टरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचे अतिशय बळकट तंतू चिकटवलेले असतात. ते ताणले जात नाही, पाणी पीत नाही आणि वजनाला आश्चर्य वाटावे इतके हलके असते. पण ते महाग आहे, घासले जाऊन किंवा टोचून त्याला बारीक भोके पडतात, आणि पिशवीत कोंबले तरी फारसे दबत नाही. एवढा खर्च मी एकदाच करू शकेन, त्यामुळे त्याचे आयुष्य मोसमांत नव्हे, रात्रींच्या हिशेबात कळले तर फार उपयोग होईल.

उभारणीच्या बाबतीत माझी एक विशिष्ट अडचण आहे. असे बरेच हलके तंबू वेगळ्या कमानींऐवजी चालायच्या काठ्यांवरच उभे करायचे असतात. माझ्या ट्रेकिंग काठ्या दुमडणाऱ्या असल्या तरी त्यांची लांबी ठरावीक 115 सेंटिमीटर आहे. ती कमी-जास्त होत नाही. सिक्स मून डिझाइन्स कंपनीचा ल्युनार सोलो हा तंबू मला मनापासून आवडला होता: एकच काठी, सहा खुंट्या आणि वजन साधारण 740 ग्रॅम. पण त्याला 125 सेंटिमीटर उंचीची काठी लागते. झेडपॅक्सच्या प्लेक्स सोलोला त्याहूनही उंच काठी लागते, मात्र तो डायनीमाचा असल्याने वजन जेमतेम 400 ग्रॅमच्या आसपास आहे. डर्स्टनचा एक्स-मिड 1 दुपदरी, पॉलिएस्टरचा आणि दोन काठ्यांवर उभा राहणारा आहे. त्याची उंची माझ्या काठ्यांच्या जवळपास असल्यामुळे सध्या मन तिकडे झुकते आहे. काठीखाली दगड ठेवून उंची वाढवता येते हे मला ठाऊक आहे, पण रात्री वाऱ्यात तो दगड सरकला तर काय, हा विचार मला स्वस्थ झोपू देणार नाही.

स्वतःच्या कमानीवर उभ्या राहणाऱ्या तंबूंपैकी बिग अ‍ॅग्नेसचा कॉपर स्पर यूएल 1 पाहिला. खडकाळ जागी, जिथे खुंटी आत शिरत नाही, तिथे असा तंबू सोयीचा पडेल. पण सगळे साहित्य धरून त्याचे वजन माझ्या मर्यादेबाहेर जाते, आणि चालताना हातात काठ्या असताना वेगळ्या कमानी पाठीवर नेणे मनाला पटत नाही.

माझी उंची 176 सेंटिमीटर आहे आणि मॅट फुगवल्यावर 8 सेंटिमीटर जाड होते. आतली लांबी कागदावर पुरेशी दिसली तरी दोन्ही टोकांना छत उतरते असल्यामुळे जाड मॅटवर झोपल्यावर पाय किंवा डोके कापडाला टेकते. नदीकाठच्या त्या रात्रीचा धडा हाच होता.

एमा गेटवुड यांनी 1955 मध्ये, वयाच्या 67व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन ट्रेल ही अमेरिकेतली लांब पल्ल्याची डोंगरवाट एकट्याने पूर्ण केली तेव्हा त्यांच्याकडे तंबू नव्हता. पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. तरीही चारही बाजूंनी जाळी नसेल तर डास आणि किड्यांच्या धास्तीने मला झोप लागत नाही, म्हणून नुसती ताडपत्री कृपया सुचवू नये.

ज्यांनी सलग 30 किंवा अधिक रात्री अशा तंबूत काढल्या आहेत त्यांनी या गोष्टी सांगाव्यात, अशी विनंती आहे: दोन काठ्यांचा दुपदरी तंबू उघड्या सोंडेवर, रात्रीतून वाऱ्याची दिशा बदलली तरी स्थिर राहतो का, एकपदरी तंबू वापरला असेल तर स्लीपिंग बॅग खरोखर किती वेळा ओली झाली, आणि डायनीमा घेतला असेल तर किती रात्रींनंतर, कोणत्या जागी तो प्रथम खराब झाला. आपली उंची आणि मॅटची जाडी सोबत लिहिल्यास मला माझ्याशी ताडून पाहता येईल. निघण्यापूर्वी नवा तंबू पावसात आणि वाऱ्यात निदान दहा रात्री वापरून पाहायचा आहे, त्यामुळे या महिनाअखेरपर्यंत मला निर्णय घ्यावा लागेल.