पीएम 2.5 चं नुसतं वजन करून भागतं का?

निरभ्र:
पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा आकडा आता सगळ्यांना तोंडपाठ झालाय, पण तो आकडा म्हणजे फक्त वजन, एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत एवढंच, कणांवर काय चिकटून आलंय ते त्यात कुठेच दिसत नाही. मी काही वर्षं लॅबमध्ये हेच काम केलंय. पांढराशुभ्र फिल्टर 24 तासांनी सॅम्पलरमधून (हवा ओढून कण गोळा करणाऱ्या यंत्रातून) काढला की काळाकरडा झालेला असतो आणि सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे रसायनं विरघळवणाऱ्या द्रवात बुडवला की सॉल्व्हंट पिवळसर होतं. त्या अर्कात पीएएच (पॉलीसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन) नावाची रसायनं सापडतात, लाकूड, कोळसा, डिझेल, कचरा काहीही अर्धवट जळलं की तयार होणारी. त्यातलं बेन्झोपायरीन तर आयएआरसीच्या (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) गट 1 मध्ये आहे, म्हणजे त्याने माणसाला कॅन्सर होतो याबद्दल शंका नाही. समुद्री मिठाचे कण आणि जळक्या प्लास्टिकची काजळी, तराजूला दोन्ही सारखेच! हे वेगळं मोजायलाच हवं.

सडेतोड:
नाही पटलं. आजवरचे मोठे अभ्यास वजनावरच उभे आहेत, डब्ल्यूएचओने 2021 मध्ये वर्षाच्या सरासरीची 5 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली तीही वजनाचीच. या कणांमुळे जे मृत्यू होतात त्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा वाटा फार मोठा आहे, आणि तुम्ही नॅनोग्रॅममधल्या (मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) रसायनामागे लागलाय. लोकांना आत्ता कुठे एक आकडा कळायला लागलाय, त्यात अजून दहा नावं घुसडलीत तर तोही बघायचे बंद होतील. शिवाय कचरा-प्लास्टिक जळताना तयार होणारं विषारी डायॉक्सिन तर 90 टक्क्यांच्या वर अन्नातून जातं पोटात, हवेतून नाही.

निरभ्र:
अहो पण अन्नात आलं कुठून? कुठेतरी जळालं, कणांवर बसून उडालं, गवतावर पडलं, जनावराच्या चरबीत साठलं आणि तिथून आपल्या ताटात. आणि नॅनोग्रॅम म्हणजे किरकोळ असं नसतं हो, युरोपियन युनियनने बेन्झोपायरीनसाठी ठरवलेली वर्षाच्या सरासरीची मर्यादाच मुळी घनमीटरला 1 नॅनोग्रॅम आहे. शरीर हे बेन्झोपायरीन बाहेर टाकायला बघतं, एन्झाइम त्याला पाण्यात विरघळेल असं करायला जातात, आणि त्याच खटाटोपात असा पदार्थ बनतो जो थेट डीएनएला जाऊन चिकटतो. काजळीने कॅन्सर होतो हे पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने 1775 मध्येच लिहून ठेवलंय, लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना बघून.

पाऊलवाट:
मला केमिस्ट्री फारशी कळत नाही पण एक सांगते, आमच्या मागे रोज संध्याकाळी कचऱ्याचा ढीग पेटवतात, त्यात प्लास्टिक असतंच, अर्धा-पाऊण तास घशात नुसतं जळजळतं, मुलगा खोकत उठतो. दुसऱ्या दिवशी 24 तासांची सरासरी बघावी तर ठीकठाक! मग कशावर विश्वास ठेवायचा?

सडेतोड:
ताई, तुमचा त्रास शंभर टक्के खरा आहे, सरासरीत असे तास बुडून जातात हेही मान्य. पण मग तो ढीग पेटवणं बंद करा ना! त्यासाठी महागड्या मशीनवर रिपोर्ट कशाला हवा, धूर दिसतोय, वास येतोय. तो पैसा कचरा उचलण्यावर खर्च करा.

निरभ्र:
ढीग आजच विझवा, त्याबद्दल आपलं भांडणच नाही. पण ताई तक्रार घेऊन गेल्या की समोरचा हीच ठीकठाक सरासरी दाखवणार, तेव्हा त्यांनी काय दाखवायचं?