जुन्या छायाचित्रांतील फळमाशीची जात ठरवता येईल का?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)
नमस्कार. माझे वडील कृषी खात्यात नोकरीला होते. १९८५ च्या सुमारास त्यांनी परिसरातील मळ्यांत काढलेली काही रंगीत छायाचित्रे निगेटिव्हसह कपाटात सापडली आहेत. त्यांपैकी दोन सोबत जोडली आहेत: एकात कारल्यावर, तर दुसऱ्यात पेरूवर बसलेली माशी आहे. कारल्याच्या छायाचित्रामागे वडिलांच्या अक्षरात ‘डेकस’ एवढेच लिहिलेले आहे. दोन्हींचे रंग लालसर झाले आहेत. गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत या माश्या जातीच्या नावासह नोंदवाव्यात, की नुसते ‘फळमाशी’ लिहून थांबावे?

उत्तर १ (जालना)
कारल्यावरील माशीबद्दल मला शंका वाटत नाही. तिच्या पाठीवर दोन्ही कडांना एकेक आणि मधोमध एक अशा तीन पिवळ्या रेघा आहेत. पंखाच्या पुढच्या कडेची तपकिरी पट्टी टोकाशी रुंदावून ठिपक्यासारखी झाली आहे आणि आतल्या आडव्या शिरेवरही काळसर डाग स्पष्ट आहे. ही वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशी, म्हणजे आजच्या नावाने झ्युगोडेकस कुकर्बिटी. वडिलांनी लिहिलेले ‘डेकस’ त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे बरोबरच आहे, कारण ही जात तेव्हा डेकस प्रजातीत धरली जाई. पुढे ती बॅक्ट्रोसेरात आणि नंतर झ्युगोडेकसमध्ये गेली. नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर)
मग पेरूवरची माशी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस असणार. आंबा आणि पेरू या दोन्हींवर आपल्याकडे तीच येते. मोबाईलमधील ॲपनेही तेच नाव दिले.

उत्तर ३ (परभणी)
ॲपचे उत्तर येथे पुरावा म्हणून धरू नये. पेरूवर बॅक्ट्रोसेरा झोनाटाही येते, त्यामुळे फळावरून या दोघींमध्ये निवड करता येत नाही. डॉर्सालिसची पाठ बहुधा काळी आणि झोनाटाची तांबूस-तपकिरी असते. परंतु त्या काळच्या अनेक रंगीत प्रिंटांतील निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळेच चित्र लालसर दिसू लागते, म्हणून नेमके हेच लक्षण या छायाचित्रात निरुपयोगी ठरते. पाठीच्या रंगापेक्षा पंखावर विसंबावे. डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेने बारीक तपकिरी पट्टी टोकापर्यंत सलग जाते. झोनाटाची पट्टी मध्येच तुटते आणि टोकाशी लहानसा ठिपका तेवढा राहतो. आपल्या चित्रात दुर्दैवाने पंखाच्या त्याच भागावर उन्हाची चमक पडली आहे.

निगेटिव्ह आहे, ही मोठीच सोय आहे. प्रिंटचा मोबाईलवर फोटो काढण्याऐवजी निगेटिव्ह चांगल्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून घ्यावी. प्रिंटमध्ये पांढऱ्या झालेल्या भागातला तपशील तिच्यात पुष्कळदा शिल्लक असतो. मात्र ‘फोटो स्वच्छ करून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर कटाक्षाने टाळावीत. ती नसलेली शीर आणि नसलेली पट्टी बेमालूम रंगवून देतात, आणि इथे तर सगळा निकाल त्या पट्टीवरच आहे.

पट्टी सलग दिसली तरी ‘डॉर्सालिस गट’ असेच लिहावे, कारण या गटातील जवळच्या जाती ठरवायला माशी सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावी लागते. काहीच दिसले नाही, तर ‘बॅक्ट्रोसेरा, जात अनिश्चित’ ही नोंदही पुरेशी मोलाची आहे. सोबत फळ, गाव, महिना आणि छायाचित्राचा क्रमांक मात्र न विसरता लिहावा.

प्रश्नकर्ता (सेलू)
सर्वांचे आभार. पाकिटात आणखी एक चित्र मिळाले: पेरूच्याच बागेत टांगलेला सापळा आणि त्यात पडलेल्या बऱ्याच माश्या. त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर ३ (परभणी)
होईल, पण बेताचाच. सापळ्यात मिथाईल युजेनॉल असेल, तर डॉर्सालिस आणि झोनाटा या दोन्हींचे नर त्याकडे येतात; कारल्यावरील माशीचे नर क्यूल्यूरकडे येतात. म्हणजे आमिष कळले तरी पेरूचा पेच तसाच राहतो. त्यापेक्षा सापळ्यातील एखाद्या माशीचा पंख पसरलेला आहे का, ते भिंगाखाली पाहावे आणि असल्यास तेवढाच भाग मोठा करून येथे टाकावा.