कॅम्पर ठाण्यात, पाय फोर्टात: मुंबईतली छोटी संग्रहालयं आणि जुनी दुकानं

दिवाळीनंतर कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, घेऊन कोकणात किंवा नाशिककडे निघणारे पुष्कळ, पण त्यात मुंबईचे दोन दिवस ठेवणारे थोडे. एवढी गाडी शहरात घालायची कुठे, हाच प्रश्न असतो. एकेका विषयाला वाहिलेली इथली संग्रहालयं आणि जुनी दुकानं ज्यांना पाठ आहेत, त्यांनी नेमकं लिहा. नुसतं कौतुक नको. वार, वेळ, मापं आणि फसायच्या जागा सांगा, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. ठिकठिकाणांहून आलेली उत्तरं अशी.

ठाण्याहून

आधी गाडीची उंची मोजा, छतावरचा एसी, व्हेंट आणि सोलर पॅनल धरून. आकडा मीटरमध्ये लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मॉलच्या तळघरात शिरताना आडवा दांडा बहुधा दोन-सव्वादोन मीटरवर असतो. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली कॅम्पर त्याखालून जात नाही आणि रॅम्पवर मागे घेताना हाल होतात. ठाणे, मुलुंड किंवा वाशीकडे उघड्यावरचं पे अँड पार्क शोधा, रात्रभर गाडी ठेवू देतात का ते आधीच विचारा आणि पुढे लोकलने जा. सकाळी साडेदहानंतर जायचं, संध्याकाळी पाचच्या आत परतीची गाडी धरायची.

गाडी दिवसभर सावलीत उभी राहणार असेल तर फ्रिजचा हिशेब करा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज सरासरी दोन अँपिअर ओढतो असं धरलं, तर चोवीस तासांत ४८ अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे चार्जिंगशिवाय एकच दिवस. निघताना गॅस सिलिंडरवरूनच बंद करा, नुसत्या शेगडीच्या बटणावर भरवसा नको.

अलिबागहून

कोकणातून परत येत असाल तर मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो बोट गाडीसकट आणते. ही सेवा २०२० पासून आहे आणि पाण्यावरचा प्रवास साधारण तासाभराचा. बुकिंग करतानाच गाडीची लांबी-उंची सांगा. शनिवार-रविवारी जागा लवकर भरतात आणि हवा बिघडली की फेरी रद्द होते, म्हणून त्याच दिवसाचं दुसरं काही ठरवू नका.

भायखळ्याहून

मुंबईत अंतरापेक्षा वार महत्त्वाचा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी बंद. रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय सोमवारी बंद. चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद. रविवारी फोर्टातल्या बऱ्याच पेढ्यांची शटरं खाली. एकच दिवस हाताशी असेल तर गुरुवार धरा, हाच माझा सल्ला.

भाऊ दाजी लाड १८७२ सालचं. वरच्या मजल्यावर घाई करू नका. मातीच्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईतले धंदे, पेहराव, पगड्या दाखवल्या आहेत. पगडी बांधायच्या तऱ्हा एकमेकींशेजारी ठेवून बघता येतात, तशी सोय दुसरीकडे क्वचित मिळेल. बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला आणि १९१४ साली पुन्हा जोडला गेला. त्याचे सांधे सावकाश शोधा. ज्याच्यावरून फोर्टातल्या भागाला काळा घोडा हे नाव पडलं तो पुतळाही १९६५ पासून राणीच्या बागेतच आहे.

वडाळ्याहून

आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय बहुतेकांकडून राहून जातं. निघण्यापूर्वी चालू आहे का, ते विचारून घ्या आणि आगाराच्या फाटकावर सांगून आत जा. ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकीट यंत्रं असा ऐवज आहे. तीन तारखा डोक्यात ठेवून गेलात तर मांडणी नीट उलगडते: ९ मे १८७४ घोड्यांची ट्राम, ७ मे १९०७ विजेची, ३१ मार्च १९६४ शेवटची फेरी, बोरीबंदर ते दादर.

गिरगावहून

चोर बाजार म्हणजे मटण स्ट्रीट. तिथे ग्रामोफोन घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी, कुत्र्याचं नवंकोरं चित्र असलेले नग बहुधा जुन्या-नव्या भागांतून हल्ली जुळवलेले असतात. दिसायला बरे, वाजवायला वाईट. वाजवायचंच असेल तर पेटीत मिटणारं, बाहेर कर्णा नसलेलं पोर्टेबल यंत्र बघा. चावी पूर्ण भरा आणि दहा इंची तबकडी शेवटपर्यंत लावायला सांगा, साधारण तीन मिनिटं. मध्येच वेग पडला किंवा आतून धप्प आवाज आला तर स्प्रिंग तुटलेली आहे किंवा तिचं ग्रीस सुकलंय. आवाज भणभणला तर साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीचं, रबर कडक झालंय; हे बदलता येतं, त्यासाठी व्यवहार मोडू नका. स्टीलची सुई तबकडीच्या एका बाजूला एक, मग टाकून द्यायची. या यंत्रावर एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली प्लास्टिकची तबकडी, कधीही लावू नका.

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या. स्पिरिटने पुसल्या तर लाख विरघळते, ओलसर मऊ कापड पुरे. कॅम्परमध्ये त्या उभ्या ठेवा, आडवी थप्पी नको. उन्हात बंद गाडीत राहिल्या तर वाकतात.

इनॅमलच्या जुन्या पाट्या ओळखायला स्क्रूची भोकं बघा. इनॅमल म्हणजे लोखंडावर भाजलेली काच, त्यामुळे तिथे टवके उडालेले असतात आणि खालून गंज दिसतो. भोकाच्या कडेला रंग एकसारखा असेल तर पाटी छापील.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची. हस्तिदंताला तर हातच लावू नका.

धोबीतलावहून

मेट्रो सिनेमासमोरचं कयानी हे इराणी हॉटेल १९०४ पासूनचं, फर्टाडोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं. दोन्ही पायी एका फेरीत होतात. ग्रँट रोडच्या मेरवान या इराणी हॉटेलचा मावा केक हवा असेल तर ते चालू आहे का, हे आधी विचारून घ्या.

काळबादेवीहून

तांबाकाट्याला तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. भाव विचारताना घडणावळ धरून की वेगळी, ते आधी विचारा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा: चिकटलं तर आत लोखंड आहे. घंगाळ किंवा बंब घेताना पाणी भरून दहा मिनिटं कोरड्या कागदावर ठेवा, डाकाच्या जागी पाझरला तर कागद सांगतो. स्वयंपाकाचं पितळी पातेलं कल्हईशिवाय वापरू नका, आंबट पदार्थाने कळकतं. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कॅम्परच्या शेगडीवर कल्हईचं भांडं रिकामं तापत ठेवू नका. आधी तेल किंवा पाणी घाला, मग आच द्या.