अनुभव धागा : सॉफ्टवेअर तेच, देशागणिक दर वेगळा

भाचा डब्लिनहून आला होता. दोघंही एकच नोंदवहीचं ॲप वापरतो. मी वर्षाला नऊशे रुपये भरते, तो साठ युरो. "मावशी, तुझ्या कार्डावर घे ना!" घेऊन पाहिलं, पण खात्याचा देश आयर्लंड, दर युरोतच. मग मला सवलत मिळते की त्याची लूट होते, यावर चहाच्या दोन फेऱ्या गेल्या. तुमचे अनुभव येऊ द्या. क्रॅकच्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या आठवणीही चालतील, इथे कोणी पोलीस नाही.

डीटीपीवाला
सांगलीत माझं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. डिझाईनचं परदेशी सॉफ्टवेअर घ्यायचं तर दुकानाचं सहा महिन्यांचं भाडं गेलं असतं. सीडी पन्नास रुपयांना मिळायची, वर मार्करने लिहिलेला सीरियल नंबर. तो अजून पाठ आहे! मराठी फॉन्टचं पॅकेज मात्र विकत घेतलेलं. एक तर भाव झेपणारा, आणि खरं सांगतो, प्रिंटरच्या पोर्टात डाँगल, म्हणजे कंपनीने दिलेली किल्लीसारखी डबी, खोचल्याशिवाय ते चालतच नसे. अर्धी सचोटी भावाची, अर्धी डाँगलची.

सातारी कंदी
विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन कुणाला आठवतंय का? 2005 मध्ये आपल्याकडे हिंदीत आलं होतं. स्वस्त, पण एका वेळी तीनच प्रोग्रॅम. चौथा उघडायला गेलं की नकार. काकांनी दोन महिने सोसलं, मग कोपऱ्यावरच्या पोराकडून 'फुल' टाकून घेतलं.

मेलबर्नकर
श्रीमंत देशांतही हे दुखणं आहे बरं. आम्हाला अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त भाव लावायचे, तेही डाउनलोडला, जिथे जहाजाचं भाडं नाही की गोदाम नाही. मार्च 2013 मध्ये ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅडोबीला कॅनबेरात संसदीय समितीपुढे यावं लागलं होतं. विमानाने अमेरिकेत जाऊन सॉफ्टवेअर घेऊन परत आलं तरी स्वस्त पडेल, हा हिशेब तेव्हा इथे फार गाजला.

रात्रपाळी
स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 च्या नोव्हेंबरात रुपयातले भाव आले आणि मी टॉरेंटवरून फुकट गेम उतरवणं सोडलं. धाकट्या भावाला तेही महाग वाटायचं. पठ्ठ्याने आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं व्हीपीएन लावून खातं स्वस्त दरांच्या अर्जेंटिनाचं केलं. असे जगभरचे उपटसुंभ तिथे घुसले. नोव्हेंबर 2023 मध्ये अर्जेंटिना आणि तुर्कस्तानचे दर डॉलरमध्ये गेले, बरेच गेम कितीतरी पटींनी महागले. तिथलं चलन पेसो ढासळत होतंच, पण आमच्या घरचाही हातभार लागला. भाऊ रुपयात परतला, तिथल्या पोरांनी कुठे जायचं?

ठाण्याची उद्योजिका
कंपन्यांसाठीच्या सॉफ्टवेअरला कसली आलीय सवलत! दरमहा प्रत्येक माणसामागे डॉलर. वर बँकेचा साडेतीन टक्के चलनबदल आकार. ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याबद्दलचा नियम लागू झाला, कार्ड नाकारलं गेलं आणि ऐन पगाराच्या दिवशी आमचं सॉफ्टवेअरचं खातं गोठलं.

खानदेशी
माझा जरा वेगळा. भाषांतराला लागणारं एक छोटं सॉफ्टवेअर, एकच माणूस बनवतो, तिकडे युरोपात. किंमत माझ्या पंधरा दिवसांच्या कमाईएवढी. लाज सोडून मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर : तुमच्याकडे किती परवडेल? आकडा लिहिला. त्याच आकड्याचं कूपन आलं, घासाघीस नाही. दिवसभर वाटत राहिलं, थोडा जास्त लिहायला हवा होता.